रोह्याची वाट आधी ओळखा, मग तार ओढा

तूर शेंगेवर आली की आपल्या वऱ्हाडात रात्र झोपेची राहत नाही. एकीकडून रोही, दुसरीकडून रानडुक्कर, माळालगतच्या शिवारात काळविटांचे कळप. जागल करून माणूस थकतो, फटाक्यांना जनावर सरावते आणि हातातोंडाशी आलेला घास जातो तो जातोच. मग कुणीतरी कुंपणाच्या तारेत घरची वीज सोडतो. त्या तारेला रानडुक्कर आणि माणूस सारखेच. पहाटे ओलितासाठी निघालेला शेजारी तिला चिकटला, तर वाचलेल्या तुरीचे काय करायचे?

म्हणून तार ओढण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा. जनावर कुठून येते, किती वाजता येते आणि नेमकी किती येतात? गावात विचारले तर "पन्नासाचा कळप आहे" एवढेच उत्तर मिळते. त्यावर उपाय ठरत नाही.

अमेरिकेतले हरणाचे शिकारी हे कोडे ट्रेल कॅमेऱ्याने सोडवतात. झाडाला बांधलेली ही पेटी समोरून जनावर गेले की आपोआप फोटो काढते आणि त्यावर तारीख-वेळ उमटवते. रात्रीसाठी तिच्यात अवरक्त प्रकाश असतो. शिंगांच्या ठेवणीवरून शिकारी एकेक वयात आलेला नर ओळखतो, त्याची वाट व वेळ हेरतो आणि हंगामात तिथे दबा धरतो. यात जनावराला संधीच उरत नाही, अशी ओरड तिकडेही झाली. ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी असे कॅमेरे वापरणे बंद केले.

आपल्याकडचा कायदा त्याहून कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून रोही आणि रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत. परवानगीवाचून मारले तर गुन्हा. पण पाळत ठेवण्याची ही विद्या पीक राखायला वापरायला कुणाची ना नाही.

कॅमेरा धुऱ्यावर, नाल्याच्या उतारावर किंवा कुंपणाच्या खिंडारापाशी बांधा. रोही पुष्कळदा ठरावीक जागीच लेंड्या टाकतो, ती जागाही चांगली. रानडुकरासाठी गुडघ्याएवढी उंची पुरे, रोह्यासाठी कमरेएवढी. तोंड शक्यतो उत्तरेला ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवले तर ऊन थेट काचेवर येते. वाटेला काटकोनात न लावता तिरपा लावा, म्हणजे जनावर जास्त वेळ समोर राहते. पुढचे गवत कापा, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या काड्यांचेच शेकडो फोटो निघतील. घड्याळ मात्र आधी बरोबर लावून घ्या. वेळच चुकली तर सगळी मेहनत वाया.

पंधरा दिवस वहीत लिहा: तारीख, वेळ, दिशा, संख्या, नर की मादी. फाटका कान, मोडके शिंग, अंगावरचा व्रण यावरून तेच जनावर ओळखा. एका रोह्याचे तीस फोटो म्हणजे तीस रोही नव्हेत! नोंदी जमल्या की कळते, सारा कळप एकाच खिंडारातून येतो की चारी बाजूंनी. एकाच ठिकाणाहून येत असेल तर राखण, काटेरी कुंपण आणि खर्च तिथेच लावा. सौर कुंपण करायचे तर मान्यताप्राप्त यंत्रच बसवा. ते थांबून थांबून क्षणभराचा झटका देते, जीव घेत नाही. घरच्या विजेची तार जीव घेते.

नुकसान झालेच तर तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्या. तारीख-वेळेचा फोटो जोडला तर पंचनाम्याच्या वेळी "जनावर कुठले?" हा वाद राहत नाही. फोटो पंचनाम्याची जागा घेत नाही, त्याला बळ देतो.

दोन पथ्ये पाळा. बायाबापड्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर कॅमेरा लावू नका आणि वनहद्दीत परवानगीशिवाय बांधू नका. दुसरे, मोठ्या शिंगांच्या काळविटाचा फोटो जागेसकट मोबाईलवर गावभर फिरवू नका. शेतकऱ्याला राखणीसाठी लागणारी वेळ आणि वाट, चोरट्या शिकाऱ्यालाही तेवढीच हवी असते.

एकट्या शेतकऱ्याला कॅमेरा महाग वाटेल, पण शिवारातल्या आठ-दहा जणांनी मिळून घेतला तर भार वाटून जातो. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी हा विषय येत्या ग्रामसभेत घ्यावा, वनरक्षकाला बोलवावे आणि नोंदवही ग्रामपंचायतीत ठेवावी. "जनावरांनी खाल्ले" असे नुसते सांगणाऱ्या गावापेक्षा कधी, कुठून आणि किती हे दाखवणाऱ्या गावाचे म्हणणे टाळणे कुठल्याही कचेरीला जड जाते. तूर उभी आहे तोवरच हे काम करायचे आहे.