गीझर भिंतीवर, पण धूर कुठं?

थंडी पडायला लागली की ऑफिसच्या लंच टेबलवर एक विषय हमखास निघतो. या वर्षी गावाकडे आईबाबांना काय पाठवायचं? स्वेटर देऊन झाले, रजया देऊन झाल्या, मोबाईलही देऊन झाला. मग कुणीतरी म्हणतं, ‘अरे, गॅस गीझर पाठव की!’ आयडिया एकदम सही. किंमत खिशाला परवडणारी, लाइट गेली तरी टेन्शन नाही आणि नळ सोडला की गरम पाणी. मोबाईलवर दोन-चार वेळा बोट फिरवलं की ऑर्डर बुक. चार दिवसांत खोकं गावच्या घरी, आणि आपण पुण्यात बसून ‘गुड सन’ किंवा ‘गुड डॉटर’!

खोक्यावर मात्र एक प्रश्न कुणी छापत नाही. हे भिंतीवर लागणार, आत जाळ पेटणार. मग त्या जाळाचा धूर जाणार कुठं?

तुम्ही म्हणाल, गॅसला कुठं धूर असतो? दोस्तहो, सगळी गडबड इथेच आहे. दिसत नाही म्हणून आपण त्याला धूर म्हणत नाही, एवढंच.

माझं गाव येडशी. धाराशिवपासून साधारण वीस किलोमीटर. गावाजवळच रामलिंगाचं देऊळ आहे, अभयारण्य आहे आणि माकडं तर विचारूच नका! बालाघाटाच्या अंगाला असल्यामुळे डिसेंबर-जानेवारीतली पहाट चांगलीच बोचते. आमच्याकडे पूर्वी अंगणात तांब्याचा बंब असायचा. मधोमध धुराडं, खाली लाकडं, बाजूला तोटी. कितीही थंडी असो, पाऊस असो, बंब कधी न्हाणीत पेटवल्याचं कुणाला आठवत नाही. चुलीचंही तसंच. जुन्या माळवदाच्या घरात चुलीच्या वर छताला साणं ठेवलेलं असायचं. आजीला कार्बन मोनॉक्साइड हा शब्द माहीत नव्हता. पण जाळ आत असेल तर धुराला वाट हवी, हे तिला पक्कं माहीत होतं. डोळे चुरचुरायचे ना!

गॅस आला आणि डोळे चुरचुरायचे थांबले. मग आपण जाळ उचलला आणि थेट चार बाय सहाच्या बंद बाथरूममध्ये नेऊन टांगला.

गेल्या हिवाळ्यात अण्णांसाठी गीझर घेतला, तेव्हा तो बसवायच्या दिवशी मी मुद्दाम गावी गेले. मिस्त्री आले. बाथरूममध्ये शिरले आणि बादलीच्या बरोबर वर पेन्सिलीनं दोन खुणा केल्या. वरची छोटी खिडकी आईनं थंडीपायी आणि माकडांपायी प्लॅस्टिक ठोकून पूर्ण बंद केलेली.

‘मामा, इथं आत नको. मागच्या भिंतीला बाहेरून लावू,’ मी म्हटलं.

‘आवं ताई, गावात एवढे बसवले मी. कुणाला काय झालं न्हाई.’

अण्णाही त्यांच्याच बाजूनं. ‘चांगल्या टाइल्स लावल्यात. आता पाइपापायी भोक कशाला पाडायलीस?’

मी वाद घालत बसले नाही. मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर काढलं. म्हटलं, अण्णा, तुम्ही आयुष्यभर हिशेब केलात, आज माझाही एक बघा.

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा साधा गॅस गीझर साधारण दहा-बारा किलोवॉट उष्णता देतो. म्हणजे स्वयंपाकघरातले पाच-सहा बर्नर एकदम फुल पेटवल्यासारखं. एवढा गॅस नीट जळायला मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा लागते. आपलं बाथरूम चार बाय सहा, उंची आठ फूट. त्यात हवा मावते साधारण ५,४०० लिटर. घरातल्या चौघांच्या बादल्या एकामागून एक भरल्या, तर गीझर तेरा-चौदा मिनिटं चालणार. तेवढ्यात त्यानं खोलीतली निम्मी हवा जाळात घातलेली असते आणि त्या बदल्यात जळका वायू त्याच खोलीत सोडलेला असतो. दार बंद, खिडकीला प्लॅस्टिक. आणि अंघोळ करणारा माणूस श्वास कुठला घेतोय? तोच!

हवा भरपूर असेल तर गॅस पूर्ण जळतो. त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ निघते. ऑक्सिजन कमी पडायला लागला की जळणं अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं. मग पायातली ताकद जाते. आपल्याला काहीतरी होतंय हे कळलं, तरी हात वर करून कडी काढता येत नाही. बाहेरच्यांना वाटतं, आज अंघोळीला जरा वेळ लागतोय.

हे कुठं दूरदेशी घडत नाही. २०२० च्या जानेवारीत मुंबईत बोरिवलीला एका शाळकरी मुलीचा असाच जीव गेला. २०२१ च्या जानेवारीत नाशिकमध्ये एका महिला पायलटचा. महिना बघा, दोन्ही वेळा जानेवारी. थंडी म्हणून आपण दारंखिडक्या लावून घेतो, नेमकं तेव्हाच. भारतातल्या डॉक्टरांनी तर ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच ठेवलंय. बाथरूममध्ये अचानक फिट येऊन पडलेले काही पेशंट फिट्सचे नसतातच, ते या वायूचे असतात.

अशा बातम्यांत एक शब्द हटकून येतो, ‘गॅस गळती’. माझं भांडण या शब्दाशी आहे. गळती म्हटलं की आपण काय करतो? पाइपाच्या जोडाला साबणाचा फेस लावतो, बुडबुडे येत नाहीत ना बघतो आणि निर्धास्त होतो. ते करायलाच हवं. पण सिलिंडरमधला गॅस गळला तर वास येतो, कारण त्यात मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळलेलं असतं. जळून गेलेल्या गॅसला तो वास राहत नाही. म्हणजे पाइप नवा, जोड पक्के, गळती शून्य, तरीही माणूस जाऊ शकतो. गीझर बिघडलेला नसतो. बसवलेला चुकीच्या जागी असतो.

हिशेब ऐकून अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग मिस्त्रींना म्हणाले, ‘पाडा भोक.’

मग गीझर मागच्या भिंतीला बाहेरून लागला, छज्जाच्या खाली. पावसाचा मारा नको आणि वाऱ्यानं ज्योत विझायला नको म्हणून. बाथरूमच्या खिडकीपासून चांगला लांब, नाहीतर बाहेर सोडलेला वायू खिडकीतून परत आत. भिंतीतून आत आला तो फक्त गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप. हे गीझर पाण्याच्या दाबावर पेटतात, त्यामुळे आतला नळ सोडला की बाहेर ज्योत लागते. सिलिंडरही बाहेरच, सावलीत, उभा. रबरी नळी आयएसआय मार्कची आणि आखूड. खिडकीचं प्लॅस्टिक काढून तिथं मजबूत जाळी मारली. हवा आली, माकडं बाहेर राहिली. सगळा जादा खर्च हजार-बाराशेच्या घरात आणि एक दुपार. अंघोळीला बसलेल्या माणसाच्या हवेशी आता जाळाचा संबंधच उरला नाही. फंडा एवढाच!

‘पण आमचा पुण्यातला फ्लॅट आहे, बाहेरची भिंत कुठून आणू?’ हा प्रश्न येणार हे माहीत आहे. भाड्याच्या फ्लॅटमध्ये आधीच्या भाडेकरूनं लावलेला गीझर तसाच वापरणारे माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. आज संध्याकाळी घरी गेलात की एकदा मान वर करून बघा. गीझरच्या डोक्यावरून धातूचा पाइप निघून बाहेर गेलाय का? स्वस्तातल्या छोट्या गीझरना बहुतेकदा असा पाइप जोडायची सोयच नसते. त्यांचा जळका वायू वरच्या फटींतून सरळ खोलीत येतो. असा गीझर बंद बाथरूममध्ये नकोच. बाहेर किंवा मोकळ्या ड्राय बाल्कनीत न्या, नाहीतर विजेचा घ्या.

पाइपाची सोय असलेलं मॉडेल घेतलं तरी पाइप कसा जातो याला महत्त्व आहे. नुसत्या गरम हवेच्या ओढीवर चालणारा पाइप वर चढत गेला पाहिजे, कारण गरम वायू वर जातो. त्याला जितके कमी कोन तितकं बरं. पंख्यानं वायू बाहेर ढकलणारं मॉडेल असेल तर पाइप आडवा चालतो, पण किंचित बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. पाइप धातूचाच हवा. प्लंबरकडचा पीव्हीसीचा तुकडा नाही चालणार. टोकाला कंपनीचीच टोपी लावा, नाहीतर चिमण्या-कबुतरं घरटं करतात आणि वाट बंद. आणि तो पाइप बिल्डिंगच्या त्या अरुंद डक्टमध्ये सोडू नका, जिथं सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात. तुमची अंघोळ आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंना त्रास, असं व्हायचं.

‘एक्झॉस्ट फॅन आहे ना!’ हेही नेहमीचंच उत्तर. पण आत ताजी हवा यायला जागा नसेल तर तोच फॅन पाइपातला वायू उलटा खोलीत ओढू शकतो. म्हणून भिंतीत जमिनीलगत एक झरोका आणि वर एक, दोन्ही कायम उघडे हवेत. खालच्या झरोक्याचा डबल फायदा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खरोखरच गळला तर खाली साचतो आणि तिथूनच बाहेर पडतो. पाइपचा गॅस घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. सिलिंडरवर चालणारा गीझर तसाच त्या गॅसला जोडायचा नसतो. दोन्हींचा जेट वेगळा, दाब वेगळा. ते काम कंपनीच्या माणसाचं.

ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांनुसार, खोलीतली हवा घेऊन जळणारं गॅसचं उपकरण बाथरूममध्ये नव्यानं बसवताच येत नाही. हवा बाहेरून घेणारं आणि वायू बाहेर सोडणारं बंदिस्त मॉडेलच लागतं. तेही नोंदणी असलेल्या तंत्रज्ञानंच बसवायचं. आपल्याकडे हे काम करतो तुमच्या गल्लीतला मिस्त्री. तो हुशार असतो, कष्टाळू असतो. पण त्याला ‘ताई, भोक पाडू नका’ असं सांगणारी गिऱ्हाइकंच जास्त भेटतात. तुम्ही ‘पाडा’ म्हणा. तो पाडतो!

चेकलिस्ट हवीच असेल तर ही घ्या, फ्रिजवर चिकटवा :

- गीझरवर आयएसआय मार्क आणि ज्योत विझली की गॅस बंद करणारी सोय आहे ना?
- ज्योत निळी आहे का? पिवळी-नारिंगी दिसली किंवा काजळी धरली की वापर बंद, मेकॅनिकला फोन.
- गीझर आतच असेल तर आधी बादली भरा, गीझर बंद करा, दार उघडून हवा खेळू द्या, मग अंघोळ. हा इलाज तात्पुरता, जागा बदलेपर्यंतच.
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो. घ्या. पण तो पाइपाला पर्याय नाही.
- आतून उत्तर येत नसेल तर वाट बघू नका. दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा. गॅस गळतीचा वास आला तर हेल्पलाइन १९०६.
- डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा, ‘बाथरूममध्ये गॅस गीझर चालू होता.’ कोविडपासून घराघरात असलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं. त्याला ऑक्सिजन आणि या वायूतला फरक कळत नाही, आकडा नॉर्मल दिसू शकतो.

आणि शेवटचं, खास गावाकडे गिफ्ट पाठवणाऱ्यांसाठी. खोकं पोचल्यावर आईबाबांचा फोन येईल, ‘मिळालं रे, छान आहे.’ तेव्हा ‘एन्जॉय करा’ म्हणून ठेवून देऊ नका. मिस्त्री येतील त्या वेळी व्हिडिओ कॉल लावा. म्हणा, जरा भिंत दाखवा, खिडकी दाखवा, सिलिंडर कुठं ठेवताय ते दाखवा. कुरकुर होईल, ‘पुण्याला गेल्यापास्नं लई शहाणी झालीस’ हेही ऐकावं लागेल. ऐकून घ्या. जमलं तर एक सुट्टी टाका आणि स्वतः जा. तुमच्या ऑर्डरच्या बिलात भिंतीतलं भोक धरलेलं नसतं. ते तुम्हीच धरायचं असतं.