भूक, मेंदू आणि शाळेचे फाटक

काही वर्षांपूर्वी एका शाळेतील आरोग्य तपासणीच्या वेळी मी उपस्थित होतो. वजनकाट्यावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलाचे वजन मोठ्याने उच्चारले जात होते आणि नोंदवहीत लिहिले जात होते. दहा वर्षांच्या एका मुलाचा आकडा उच्चारला गेला आणि रांगेत हशा पिकला. 'जिभेवर जरा ताबा ठेव,' असे शिक्षकांनी त्याला बजावले. तो मान खाली घालून निघून गेला. आम्हा अधिकाऱ्यांपैकी कोणीही काही बोलले नाही, मीही नाही. बालकांच्या स्थूलतेविषयीचा आपला शासकीय दृष्टिकोन त्या एका वाक्यात सामावलेला होता, असे आज वाटते. दोष मुलाच्या जिभेचा, उपाय उपदेशाचा आणि शासनाचे काम केवळ जनजागृतीचे!

परंतु भूक ही खरोखर जिभेची बाब आहे काय? १९९४ साली अमेरिकेतील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लावला. शरीरातील मेदपेशी ते रक्तात सोडतात आणि मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग त्यावरून शरीरातील साठ्याचा अंदाज घेतो. १९९९ साली जपानी संशोधकांना जठरातून स्रवणारे घ्रेलिन सापडले. जेवणाच्या वेळेपूर्वी त्याची पातळी वाढते आणि भूक लागते. स्वादुपिंडातील इन्शुलिन आणि आतड्यांतील इतर संप्रेरकेही मेंदूला असेच संदेश पाठवीत असतात. आपण ज्याला 'इच्छा' म्हणतो, तिच्या मागे हा अखंड पत्रव्यवहार चालू असतो.

१९९७ साली केंब्रिज येथील संशोधकांनी पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातील दोन चुलत भावंडांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील मुलीचे वय आठ वर्षे आणि वजन ८६ किलो होते. जनुकातील दोषामुळे दोघांच्याही शरीरात लेप्टिन जवळजवळ तयारच होत नव्हते. लेप्टिनची इंजेक्शने सुरू झाल्यावर त्या मुलीची भूक आटोक्यात आली आणि वजन उतरू लागले. तिचा 'स्वभाव' बदलला नव्हता. तिच्या मेंदूला आजवर न मिळालेला निरोप मिळाला होता.

असे दोष अत्यंत दुर्मीळ आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. सर्वसामान्य स्थूल बालकाच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते. मात्र मेंदू त्याची पुरेशी दखल घेत नाही. शिवाय साखर, मेद आणि मीठ यांचे मिश्रण मेंदूतील सुखाची केंद्रे चेतविते, आणि आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वीस प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खाऊ दिले. पहिल्या प्रकारच्या आहारात त्यांनी दररोज सुमारे ५०० कॅलरी अधिक घेतल्या. प्रौढांची ही गत असेल, तर दहा वर्षांच्या मुलाकडून संयमाची अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो?

भारताच्या बाबतीत यात आणखी एक पेच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिले की, पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. तरीही आपल्या बालकांच्या कृश देहात चरबीचा साठा तुलनेने टिकून होता. गर्भातच उपासमार सोसलेले शरीर पुढे साठवणुकीकडे झुकते. त्यामुळे कुपोषण आणि स्थूलता हे दोन स्वतंत्र विषय नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके खुजी होती. त्याच वयोगटातील अतिवजनाचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेले होते.

भुकेवर मुलाचा ताबा एवढा मर्यादित असेल, तर शासनाचा ताबा जेथे चालतो तेथे तो चालविणे हे कर्तव्य ठरते. नियम नाहीत असे नाही. २०२० च्या विनियमांनुसार मेद, साखर वा मीठ अधिक असलेल्या पदार्थांची विक्री शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत वर्ज्य आहे. मात्र हे अंतर मोजायचे कोणी? मुख्याध्यापक म्हणतात, रस्ता आमचा नाही. नगरपालिका म्हणते, अन्न आमचे नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे अवघा जिल्हा सोपविलेला असतो. जे काम तिघांचे, ते कोणाचेच नसते. आणि कारवाई झालीच तर ती हातगाडीवर होते. फाटकासमोरच्या दुकानावरील शीतपेयाचा रंगीत फलक तसाच राहतो.

करांचेही तेच. २०१६ साली केरळने बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के कर लावला; पण तो नाममुद्राधारी उपाहारगृहांपुरताच होता आणि वस्तू व सेवा कर येताच संपला. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत शर्करायुक्त शीतपेयांवर ४० टक्के कर कायम राहिला. परंतु बिस्किटे, चॉकलेट आणि पाकीटबंद नमकीन यांवरील कर ५ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले होते. फलक एक सांगतो, किंमत दुसरेच सांगते.

पालकांची जबाबदारी नाही काय, असे विचारले जाईल. आहेच. परंतु आईने डब्यात भाजी-पोळी द्यावी आणि शासनाने फाटकाबाहेर तिचा पराभव होऊ द्यावा, ही न्याय्य वाटणी नव्हे. माझ्या मते तीन गोष्टी तातडीने करता येतील. ५० मीटरच्या नियमासाठी प्रत्येक तालुक्यात एकच अधिकारी उत्तरदायी ठरवून त्याचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांच्या मासिक बैठकीत घ्यावा. पाकिटाच्या दर्शनी भागावर मुलालाही समजेल असा स्पष्ट इशारा सक्तीचा करावा. चिलीने २०१६ पासून काळ्या अष्टकोनी चिन्हांद्वारे तो लागू केला आहे. आणि आरोग्य तपासणीत वजन एकांतात घेऊन, गरज असेल तेथे मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे.

यांतील तिसऱ्या सूचनेला निधी लागत नाही, नवे पदही लागत नाही. एक पडदा आणि एक परिपत्रक पुरेसे आहे. त्या दिवशी ते मला सुचले असते, तर तो मुलगा निदान मान खाली न घालता वर्गात परतला असता.