वायफायसाठी आधी वायफाय!

परवा शनिवारी जुन्या लॅपटॉपवर डेबियन टाकलं. सगळं चाललं, वायफाय सोडून. डीमेसेजमध्ये बघतो तर कार्ड ओळखलंय, ड्रायव्हर पण आहे, फर्मवेअरची फाईल तेवढी नाही. ती कुठे? नेटवर. आणि नेट? त्याच कार्डावर! शेवटी मोबाईल यूएसबीने जोडला, त्याच्या नेटवर फाईल उतरवली, मॉड्यूल परत लोड केलं... झालं.

अशा वेळी खापर लिनक्सवर फुटतं. मला नाही पटत. ड्रायव्हर तर लोकांनी लिहिलाय, तोही कागदपत्रं न मिळता, कंपनीचा ड्रायव्हर उलगडून. फर्मवेअर कार्डाच्या आतल्या चिपवर चालतं आणि ते कंपनीच्या मालकीचं.

ज्यांनी वाटायची परवानगी दिलीय, त्यांचं फर्मवेअरही डेबियनवाले वर्षानुवर्षं तत्त्वासाठी अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवायचे. हा मात्र हट्टच होता. २०२२ मध्ये त्यांनी मतदान घेतलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आलं. बरं केलं. नको असेल त्याला बूट करताना बंद करता येतंच.

माझ्या कार्डाचं अजूनही त्यात नाही. कंपनीने वाटायची परवानगीच दिलेली नाही. अहो, कार्ड विकून पैसे मिळाले ना? मग ते चालवणारी फाईल वाटू द्यायला काय जातं?