दांत आणि फ्लोराइड

गेल्या महिन्यांत चार वर्षांच्या नातवास दांत घासतांना पाहिलें. पेस्ट गोड, स्वारी ती चाटून सरळ गिळीत होती. ‘यांत विषारी कांहीं नाहीं ना?’ असें सूनबाईस विचारलें. ती म्हणाली, ‘मामंजी, प्रमाणांत आहे तोंवर नाहीं.’ मास्तरकीची खोड जात नाहीं, म्हणून पुस्तकें उघडलीं.

अमेरिकेंत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें १९०१ मध्यें मॅके नांवाचे दंतवैद्य आले, तों तेथील पुष्कळ लोकांचे दांत तपकिरी डागांनीं भरलेले. पुढें असें आढळलें कीं, हे डागाळलेले दांत किडतात मात्र कमी! कारण सांपडलें १९३१ मध्यें : पाण्यांतील फ्लोराइड. १९४५ मध्यें ग्रँड रॅपिड्स शहरानें तें दर लिटरीं सुमारें एक मिलिग्रॅम या मानानें पाण्यांत मिसळण्यास प्रारंभ केला. तोंडांतील जंतु साखरेचें आम्ल करितात, तें दांताचें कवच झिजवितें. लाळेंतील क्षार ती झीज भरून काढूं पाहतात, त्यांस फ्लोराइडाचें साहाय्य होतें.

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील कांहीं गांवीं भूगर्भांतील पाण्यांतच तें अधिक. तेथें दांतच नव्हे, हाडेंहि बिघडतात. अशा गांवांत आधीं पाणी तपासून घ्यावें.

नातवाची पेस्ट मीं बंद केली नाहीं. आतां ती वाटाण्याएवढीच मिळते, आणि तो थुंकेपर्यंत मी मोरीशीं उभा असतों. माझी कडुनिंबाची काडी सूनबाईनें अद्याप जप्त केलेली नाहीं.