कुलूपबंद अनुदान

संध्याकाळी सातच्या सुमारास तालुक्यातल्या एखाद्या मोठ्या गावात गाडी थांबवून पाहावे. ग्रामपंचायतीच्या मागे पत्र्याच्या छपराची व्यायामशाळा दिसेल. भिंतीवर कोनशिला, तिच्यावर पालकमंत्र्यांपासून उपसरपंचांपर्यंत सगळ्यांची नावे आणि कडीला गंजके कुलूप. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई सहालाच घरी. खिडकीतून डोकावले तर डबल बारवर मंडपाचे पडदे वाळत घातलेले. गावातली पोरे तिथून पन्नास पावलांवर, पारावर मोबाइलमध्ये डोकी घालून बसलेली. पोलिस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे महामार्गाच्या कडेने, ट्रकच्या दिव्यांत पळतात.

म्हणजे सरकारने पैसा दिला नाही, अशी तक्रार करता येत नाही. जिल्हा वार्षिक योजनेत व्यायामशाळा विकासाला आणि क्रीडांगण विकासाला अनुदान असते. ‘खेलो इंडिया’साठी केंद्राने 2025-26च्या अर्थसंकल्पात 1,000 कोटी रुपये ठेवले. महाराष्ट्राचे स्वतंत्र युवा धोरण 2012 पासून आहे. प्रश्न आहे तो पैसा कशाला मिळतो, याचा. तो भिंतीला मिळतो, साहित्याला मिळतो, 12 जानेवारीच्या युवा दिनाच्या मंडपाला मिळतो. रोज संध्याकाळी दार उघडून आत बसणाऱ्या माणसाला मात्र तो मिळत नाही.

याचे मूळ नियमांत आहे. खासदार निधीतून टिकाऊ मत्ता उभी करता येते, पगार किंवा मानधन देता येत नाही. गैरव्यवहार टाळण्यासाठी केलेला हा नियम समजण्यासारखा आहे. पण ‘बांधकाम तेवढे खरे काम’ ही सवय त्यातून सगळ्या यंत्रणेला जडली. मार्चअखेर निधी संपवायचा तर डंबेल्स खरेदी करणे सोपे. तरुणांशी बोलणारा, त्यांची भांडणे सोडवणारा, अर्ज भरायला बसवणारा माणूस कोणत्या लेखाशीर्षात बसवायचा? शिवाय माणसाचे लोकार्पण करता येत नाही, ही अडचण वेगळीच.

माणसासाठी पैसा दिला गेला तेव्हाही तो किती, हे पाहण्यासारखे आहे. 1972 मध्ये सुरू झालेल्या नेहरू युवा केंद्रांनी युवक मंडळांचे जाळे विणले. त्यांच्या योजनेत तालुक्याला साधारण दोन राष्ट्रीय युवा स्वयंसेवक असत. मानधन महिना 5,000 रुपये आणि मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली. म्हणजे खडी फोडणारा सुमारे सोळा दिवसांत जे कमावतो, तेवढ्यावर तालुक्यातल्या सगळ्या गावांचे तारुण्य सांभाळायचे. गाव ओळखीचे होईपर्यंत मुदत संपलेली. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘मेरा युवा भारत’ आले, पोर्टल आले. पोर्टलवर नोंदणी होते. दार काही उघडत नाही.

कोल्हापूरच्या तालमींकडे पाहिले तरी हे कळावे. गंगावेस असो की मोतीबाग, तालीम चालते ती पहाटे पोराला झोपेतून उठवणाऱ्या वस्तादामुळे. तांबडी माती कुठेही आणून टाकता येते.

मुलींचा विचार तर या व्यवस्थेला शिवलेलाही नाही. पार त्यांचा नाही, तालीम त्यांची नाही. बंद खोलीत कोणी जबाबदार बाई बसणार नसेल, तर कोणती आई मुलीला तिथे पाठवील?

माणसावरचा हा खर्च चैनीचा नाही. लंडनमध्ये 2010 ते 2019 या काळात सुमारे 30 टक्के युवा क्लब बंद पडले, मुख्यतः सरकारी काटकसरीमुळे. तिथल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’ने 2024 मध्ये त्याचा हिशेब मांडला. ज्यांचा जवळचा क्लब बंद झाला ती मुले सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत मागे पडली, त्यांची गुन्ह्यात सापडण्याची शक्यता 14 टक्क्यांनी वाढली आणि वाचवलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला जवळजवळ तीन पौंडांचा फटका बसला. आपल्याकडे असा हिशेब कोणी मांडत नाही. तो पोलिस ठाण्यांच्या डायऱ्यांत विखुरलेला राहतो.

जिल्हा नियोजन समित्यांनी पुढच्या आराखड्यात एवढेच करावे : व्यायामशाळा, अभ्यासिका किंवा युवा केंद्राच्या नव्या इमारतीला मंजुरी देताना ती चालवणाऱ्या दोघांचे, त्यातली एक स्त्री, किमान पाच वर्षांचे मानधन कुठून येणार हे ठरावात लिहावे. ते लिहिता येत नसेल, तर ती इमारत मंजूर करू नये.