उघड्या दाराचा वाद

मंडळीबाहेरच्या माणसांत ख्रिस्ती श्रद्धा कशी जगावी, हे आम्हाला सांगणारे पुष्कळ. शेजारी म्हणतो, सेवा खुशाल करा, पण तुमचा येशू घरी ठेवून या; नाहीतर ती सेवा म्हणजे निव्वळ आमिष. मंडळीतला उत्साही भाऊ विचारतो, आत्मे किती जिंकले ते बोला. एकही नसेल तर ही खटपट कशाला? दोघे एकमेकांचे वैरी. तरी दोघांचीही नजर बाप्तिस्म्याच्या वहीवरच असते.

पंडिता रमाबाईंना या दोन्ही बाजूंनी घेरले. 1889 साली त्यांनी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींनी आपापला आचार पाळावा, असे ठरलेले होते. काही मिशनऱ्यांना तेवढ्यानेच श्रद्धा बुडाल्यासारखे वाटले. इकडे रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थनेला बसत तेव्हा दार लावून घेत नसत, आणि काही मुली आत येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली. 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

पालकांची भीती खोटी नव्हती. काही मुली पुढे ख्रिस्ती झाल्याच. जिच्या हातचे अन्न खायचे, जिच्या छपराखाली निजायचे, तिच्या साध्या वागण्याचाही मनावर दाब येतो. हे आम्ही ख्रिस्ती लोक फार सहज विसरतो. पण म्हणून दार लावायचे? ज्या बळावर बाई हे घर चालवत होत्या तेच मुलींपासून लपवायचे, ही लबाडी झाली असती. विचारायचेच असेल तर हे विचारावे, की जी मुलगी त्या खोलीत बसायला गेली नाही तिच्या ताटातले काही कमी झाले का?

गोदूबाईंकडे पाहा. शारदा सदनातल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्याच घरात, त्याच रमाबाईंजवळ शिकल्या, पण ख्रिस्ती झाल्या नाहीत. 1893 मध्येच त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि 1896 मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. आमिषाचा आरोप इथे कुठे बसवायचा?

आणि उत्साही भावाच्या वहीत गोदूबाई म्हणजे शून्य! त्याने लूकच्या शुभवर्तमानातले दहा कुष्ठरोगी आठवावेत. आभार मानायला परतला तो एकच, तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे येशूने विचारले खरे. पण त्यांचे बरे होणे काही परत मागितले नाही.

केडगावच्या ‘मुक्ती’ संस्थेत रमाबाईंनी पुढे ख्रिस्ती शिकवण उघडपणे दिली, आणि मंडळीत गौरव होतो तो त्या केडगावचा. मला शारदा सदनातल्या रमाबाई अधिक मोठ्या वाटतात. तिथे प्रत्येक मुलीला नाही म्हणायची मोकळीक होती, आणि ते ‘नाही’ ऐकूनही दुसऱ्या दिवशी तिला तितक्याच आस्थेने शिकवायचे होते.