राउटर ते टेबल

“मोबाइलमधी येऊन राह्यलं जी, याच्यातच काऊन नाही येत?”

गेल्या महिन्यात धारणीपासून आत, सिपना नदीच्या बाजूच्या एका गावात शाळेच्या गुरुजींनी मला हे विचारलं. ऑफिसच्या भिंतीवर राउटर होता, त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. शेजारच्या खोलीत टेबलावर डेस्कटॉप होता आणि त्यावर कुणीतरी मायेने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. गुरुजी मोबाइल घेऊन त्या टेबलापाशी उभे राहिले, तरी वायफायच्या रेघा भरलेल्या दिसत होत्या. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र खालच्या कोपऱ्यात पृथ्वीचा गोल आणि त्यावर मनाईची खूण. दोन वर्षं असंच आहे, म्हणाले. दोन वर्षं मुलांची माहिती, शिष्यवृत्तीच्या याद्या, पोषण आहाराच्या नोंदी ते रात्री घरी बसून मोबाइलवर अंगठ्याने भरत होते.

कॉम्प्युटर बिघडला नव्हता, इंटरनेटही बिघडलं नव्हतं. त्या डब्यात रेडिओच नव्हता. मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये वायफायचा रेडिओ कारखान्यातूनच बसवून येतो. जुन्या, स्वस्तातल्या डेस्कटॉपमध्ये सहसा तो नसतो. मागे तार खोचायची चौकोनी खोबण तेवढी असते. तार होतीसुद्धा, दरवाजावरून ओढलेली. पहिल्याच पावसाळ्यात उंदरांनी ती कुरतडली आणि नवी टाकायला कुणी आलं नाही. गुरुजींचा समज असा झाला की आपल्यालाच हे यंत्र जमत नाही. मला जास्त वाईट वाटलं ते याचं.

या सदरात टॉवर, फायबर आणि योजनांवर मी बरंच लिहिलं आहे. आज राउटर आणि टेबल यांच्यामधल्या दहा-बारा फुटांवर लिहितो, कारण माझ्या पाहण्यात मेळघाटात इंटरनेट इथंच फार वेळा अडतं आणि इथं अडलेलं कुठल्याही अहवालात दिसत नाही. गावात जोडणी पोचली, शाळेला कॉम्प्युटर मिळाला, दोन्ही रकान्यांत टिकमार्क. दोघांची गाठ पडली का, असा रकानाच नसतो.

कुणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, डेस्कटॉप हवा कशाला? ज्याने जमातीच्या दाखल्याची कागदपत्रं स्कॅन करून चढवली आहेत तो हे विचारणार नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीसाठी अमरावतीच्या समितीकडे जायची कागदं, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, छपाई, ही सगळी मोठ्या पडद्याची आणि खऱ्या कीबोर्डची कामं आहेत. मोबाइलवर पाहणं होतं; भरणं, तपासणं, दुरुस्त करणं टेबलावर बसूनच नीट होतं. शिवाय डेस्कटॉप सुटा सुटा दुरुस्त होतो. कीबोर्ड गेला तर परतवाड्याहून कीबोर्ड आणला, काम सुरू. आणि मुलांचा विचार करा. कोरकू घरात वाढलेलं मूल शाळेत मराठी शिकतं, बाजारात हिंदी ऐकतं आणि पडद्यावर इंग्रजी पाहतं. त्याच्या बोटांना कीबोर्डची सवय शाळेत नाही लागली तर ती कुठे लागणार?

मेळघाटात ‘वायरलेस’ हा शब्द काही नवा नाही. १९७३-७४ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झालेलं हे जंगल. वनरक्षकाच्या कमरेचा खरखरणारा संच इथल्या प्रत्येक गावाने ऐकला आहे. त्या संचाला परवाना लागतो. वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, तो केंद्र सरकारने २००५ मध्ये परवानामुक्त केला, म्हणून राउटर लावायला कुणाला विचारावं लागत नाही. पण या पट्ट्याची लहर जेमतेम साडेबारा सेंटीमीटरची. भिंत तिला थकवते, पत्रा तिला परतवतो आणि पाण्याने भरलेली पानं तिला पिऊन टाकतात. ऑफिस आणि वर्ग यांच्यामध्ये झाडांची रांग असेल, तर उन्हाळ्यात लागलेलं वायफाय श्रावणात लागेलच असं नाही. इथल्या माणसाला हे सांगावं लागतं, कारण राउटरच्या खोक्यावरचं चित्र शहरातल्या फ्लॅटचं असतं.

खरं तर बिनतारी जोडणीचा जन्मच अशा अडनिड्या ठिकाणांसाठी झाला. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अलोहानेट’ उभं केलं. बेटं वेगवेगळी, मध्ये समुद्र, टेलिफोनच्या तारा महाग आणि भरवशाच्या नाहीत. म्हणून त्यांनी माहितीचे छोटे तुकडे रेडिओवरून मुख्य कॉम्प्युटरकडे धाडले. सगळे एकाच लहरीवर बोलणार, मग दोघांचं बोलणं एकदम झालं तर? तर दोघांनी थांबायचं, प्रत्येकाने आपापला थोडा कमी-जास्त वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा बोलायचं. पुढे पुष्कळ सुधारणा झाल्या, पण आजच्या वायफायच्या पोटात तीच रीत आहे. तिथे समुद्र आडवा होता, इथे सागाचं जंगल आणि घाट. म्हणून मला वाटतं, हे तंत्र शहरापेक्षा धारणीचं जास्त आहे.

आता हरिसालचं. धारणी तालुक्यात राहून या विषयावर लिहायचं आणि हरिसाल टाळायचं, हे बरं नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये मुंबईत मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत मेळघाटातली ५० गावं डिजिटल करण्याची घोषणा झाली. त्यातून हरिसाल हे देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आलं. दूरस्थ वैद्यकीय सल्ला, डिजिटल वर्ग यांची चर्चा झाली. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांनी भर सभेत हरिसालची चित्रफीत दाखवून सरकारच्या जाहिरातीला आव्हान दिलं आणि आठवडाभर सगळा महाराष्ट्र या छोट्या गावावर बोलला. सगळं झालं, असं एका बाजूचं म्हणणं. काहीच झालं नाही, असं दुसऱ्या बाजूचं. माझी तक्रार दोघांकडेही एकच आहे. उद्घाटनानंतर तिसऱ्या महिन्यात एखादी तार सुटली, तर ती लावायला कोण येणार, हे त्या वादात कुणीच विचारलं नाही. हा प्रश्न हरिसालपुरता नाही, धारणी-चिखलदऱ्याच्या प्रत्येक पाड्याचा आहे.

त्याच काळात राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पालघर जिल्ह्यात, मुंबई आयआयटीचे प्रा. अभय करंदीकर आणि त्यांचा गट टीव्हीच्या रिकाम्या पडलेल्या पट्ट्यांतून सात आदिवासी गावांपर्यंत इंटरनेट नेत होता. या पट्ट्याची लहर लांब, झाडांतून बऱ्यापैकी पार होणारी. त्यांच्या ‘ग्राममार्ग’ला २०१७ मध्ये मोझिलाच्या जागतिक स्पर्धेत पहिलं पारितोषिक मिळालं. मला त्यातल्या लहरींपेक्षाही महत्त्वाचं वाटतं ते असं की ग्रामपंचायतीने यात भागीदार व्हावं आणि गावातल्याच तरुणाने जाळं सांभाळावं, असा त्यांचा आराखडा होता. गावात सांभाळणारा माणूस आधी, यंत्र मागाहून.

त्या शाळेत त्या दिवशी काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण अडचणी सगळीकडे याच क्रमाने येतात.

आधी गुरुजींना मोबाइलचा डेटा बंद करायला लावला. वायफाय चालतंय असं वाटतं आणि चालत असतो मोबाइलचा डेटा, हा घोळ फार होतो. डेटा बंद करूनही पान उघडलं. म्हणजे राउटर ठीक. माझ्या पिशवीत एक वायफायचं डोंगल होतं, पेन ड्राइव्हएवढं, छोटी दांडी असलेलं. चारशे-पाचशे रुपयांची वस्तू. ते लावलं, कॉम्प्युटरने ओळख दाखवली नाही. त्याला ड्रायव्हर हवा होता. ड्रायव्हर खोक्यातल्या इवल्याशा सीडीत, आणि या कॉम्प्युटरला सीडी घालायची सोयच नाही. कागदावर लिहिलेलं की ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्या. इंटरनेट यावं म्हणूनच तर ड्रायव्हर हवा! इथेच बहुतेक जण डोंगल परत खोक्यात घालतात.

यावर इलाज प्रत्येकाच्या खिशात आहे. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडायचा आणि सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करायचं. कॉम्प्युटरला वाटतं, तारेचं नेटवर्क आलं. मोबाइल वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून पुढे जातं, डेटाचा एक रुपया खर्च होत नाही. केबल मात्र चांगली हवी. काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांतून माहिती जात नाही. गुरुजींची पहिली केबल तशीच निघाली. दुसरी लावल्यावर पाच मिनिटांत ड्रायव्हर उतरला.

मग यादीत शाळेच्या राउटरचं एकच नाव आलं. मोबाइलवर दोन दिसत होती, दुसऱ्यापुढे ‘५जी’ लिहिलेलं. गुरुजींना ते जिओ-एअरटेलचं फाइव्ह जी वाटलं, आणि तसं वाटणारे पुष्कळ आहेत. राउटरवरचं हे ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, वायफायचाच दुसरा पट्टा. वेग जास्त, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारा, आणि स्वस्तातल्या डोंगलना तो कळत नाही. खेड्यातल्या जाड भिंतींना २.४ च बरा. जोडला. पण रेघ एकच.

डोंगल डब्याच्या मागे लावलं होतं. पुढे लोखंडी डबा, मागे भिंत, आणि शेजारी निळ्या रंगाची यूएसबी खोबण. ही निळी, वेगवान यूएसबी आपल्या कामातून नेमका २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्येच तसं लेखी सांगितलं आहे. मी एक मीटरची एक्स्टेन्शन केबल काळ्या खोबणीत लावली आणि डोंगल वर, खिडकीच्या चौकटीला सुतळीने बांधलं. रेघा भरल्या.

तरी पान उघडेना. ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’ अशी पाटी. गुरुजींचा चेहरा पडला. मी घड्याळाकडे बोट दाखवलं: १ जानेवारी २०१८. कॉम्प्युटरच्या आत एक गोल, बटणाएवढा सेल असतो, तो तारीख-वेळ राखतो. कॉम्प्युटर महिनोन् महिने प्लगमधून काढून ठेवला, की सेल दमतो आणि तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या ओळखपत्राला मुदत असते आणि कॉम्प्युटर ती आपल्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळच चुकलं तर तो दार उघडत नाही. तारीख दुरुस्त केली, पान उघडलं. नवा सेल तीस-चाळीस रुपयांचा, खोक्यावर ‘सीआर २०३२’ लिहिलेलं असतं. गुरुजींनी ते हातावर लिहून घेतलं.

पाऊणएक तास लागला. सारा खर्च हजार रुपयांच्या आत.

तार शक्य असेल तर तारच टाका, हे माझं मत कायम आहे. दोन खोल्यांत ती पाइपातून ओढली, की उंदीरही काही करत नाही आणि गोंगाटही. बिनतारी जोडणी जिथे तार टिकत नाही तिथे. पण दोन्हींसाठी येणारा माणूस लागतो, आणि तो मागवायला अमरावतीला फोन लावायचा, दीडशे किलोमीटरच्या घाटवाटेने त्याने यायचं, हे होणारं काम नाही. माणूस इथेच आहे. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहेत, मानधनासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करत आलेले. त्यांच्यातल्या जाणत्यांना पंचायत समितीने आठ दिवसांचं शिक्षण द्यावं, आजूबाजूच्या शाळा आणि अंगणवाड्या वाटून द्याव्यात आणि प्रत्येक खेपेचे पैसे द्यावेत, हातात पडतील असे. धारणीत एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. आश्रमशाळांसाठी त्यांनी हे सहज करावं. आणि यापुढे डेस्कटॉपची कुठलीही खरेदी होईल, तिच्या यादीत वायफाय कार्ड किंवा डोंगल, एक्स्टेन्शन केबल आणि ड्रायव्हर भरलेला पेन ड्राइव्ह असलाच पाहिजे. तो नसेल तर खरेदी पुरी झाली असं धरू नये.

धारणी-चिखलदऱ्यातल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. उन्हाळ्याची सुट्टी लागण्याआधी शाळेच्या कॉम्प्युटरवरचं कव्हर काढा, तो सुरू करा आणि खालच्या कोपऱ्यातली तारीख तेवढी पाहा. चुकली असेल, किंवा वायफाय लागत नसेल, तर या सदराच्या पत्त्यावर दोन ओळी लिहा. महिन्यातला एक रविवार मी धारणीत असतो. डोंगल, केबल आणि सेल माझ्या पिशवीत असतील.